एआरटी सेंटर: औषधपाणी चोख, पण बाळाची लांबीही मोजा

आमच्या जिल्ह्यातल्या सरकारी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीवरची औषधं देणाऱ्या केंद्राला, मी पाचपैकी चार तारे देते. गाव सांगत नाही, कारण ओळख पटायला वेळ लागत नाही.

गरोदरपणाच्या तपासणीत माझा एचआयव्ही कळला आणि लगेच टीएलडी, म्हणजे एचआयव्हीवरची तीन औषधं एकत्र असलेली गोळी, सुरू झाली. रोज एकच गोळी, फुकट. समुपदेशक ताईंनी आधी विचारलं, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी कधी घेतेस? टीएलडीसोबत त्या रिकाम्या पोटी गेल्या तर तिच्यातलं डोल्युटेग्राविर अंगात नीट शोषलं जात नाही. मग त्यांनी पाकिटांवर पेनाने खुणा केल्या: कॅल्शियम सकाळी, लोह दुपारी, टीएलडी रात्री. उपचार नसतील तर शंभरातल्या १५ ते ४५ बाळांना आईकडून लागण होते, वेळेवर घेतले तर पाचापेक्षाही कमी, हे त्यांनी माझ्या नवऱ्यालाही समोर बसवून सांगितलं.

मुलगी २ किलो ३०० ग्रॅमची झाली. तिला लागण होऊ नये म्हणून नेव्हिरापिन या औषधाचं सिरप रोज १ मिली, सहा आठवडे. सिरिंज कशी भरायची, गालाच्या आतून हळूहळू कसं सोडायचं, हे सिस्टरनी माझ्याच हातून करून घेतलं. सहा महिने निव्वळ अंगावरचं दूध, पाणीसुद्धा नाही. सासूबाई तर सहाण घेऊन बाळगुटीला बसल्याच होत्या, जायफळ, वेखंड, मुरडशेंग सगळं मांडून. ताईंनी आधी माझी परवानगी घेतली, मगच त्यांच्याशी बोलल्या: "आजी, वरचं काही पोटात गेलं की कोवळ्या आतड्याला इजा होते, आणि दुधातल्या विषाणूला तिथूनच वाट मिळते." सासूबाईंना ते पटलं. माझ्या दहा वेळा सांगण्याने जे झालं नसतं, ते त्या एका बोलण्याने झालं.

सहाव्या आठवड्यात टाचेचं रक्त कार्डावर घेतलं, मग सहा महिन्यांनी, वर्षाने आणि शेवटी अठराव्या महिन्यात तपासणी. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह.

एक तारा कापला तो लांबीसाठी. दर वेळी वजन झालं, लांबी एकदाही नाही. वर्षाची असताना बाहेरच्या बालरोगतज्ज्ञांनी तिला फळीवर झोपवलं, टाचा टेकवल्या आणि ६८ सेंटीमीटर लिहिलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात वर्षाच्या मुलीसाठी ६८.९ च्या खाली म्हणजे खुंटलेली वाढ. वजन मात्र ७ किलो ४००, म्हणजे तक्त्यातल्या कमी वजनाच्या रेघेच्या वर, त्यामुळे सेंटरमध्ये कुणाला शंका आलीच नाही. डॉक्टर म्हणाले, आईला एचआयव्ही आहे पण स्वतःला लागण झालेली नाही, अशा बाळांचीही वाढ मागे पडू शकते, आफ्रिकेतल्या अभ्यासांत हे वारंवार दिसलंय. जन्माचं कमी वजन, आईची आधीची तब्येत, घरातली ओढाताण, वारंवार होणारे जुलाब, अशी कारणं एकात एक गुंतलेली असतात. कोणत्या औषधाचा वाढीवर किती परिणाम होतो, यावर अभ्यास चालू आहे. पण म्हणून गोळी थांबवायची नाही, हे त्यांनी ठणकावून सांगितलं. लागण झालेल्या बाळावर उपचार झाले नाहीत, तर निम्मी बाळं दोन वर्षांचीही होत नाहीत.

आता तिला रोज अंडं, वरणभातात तूप, शेंगदाण्याचा कूट घातलेली लापशी चालू आहे. दर तीन महिन्यांनी लांबी मोजून घेते. सेंटरला लेखी कळवलंय की वजनाच्या रकान्याशेजारी लांबीचाही रकाना ठेवा. लांबीची फळी त्याच इमारतीत लसीकरणाच्या खोलीत पडून आहे. तुमच्या गावाजवळचं सेंटर माहीत नसेल तर १०९७ वर फोन करा, पैसे लागत नाहीत.