ट्रिस्क्वेल ११ ‘अरामो’: आठ महिने रोज वापरल्यानंतर

अनुवाद आणि मुद्रितशोधन हे माझं काम, म्हणजे दिवसाचे आठ तास लॅपटॉपसमोर. गेले आठ महिने ते सगळं ट्रिस्क्वेलवर चाललंय. ही लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम; तिच्यात फक्त मुक्त, म्हणजे कोड कुणालाही वाचता-बदलता येईल असंच सॉफ्टवेअर असतं.

त्याआधी बरीच वर्षं डेबियन ही दुसरी लिनक्स सिस्टिम वापरली. तिच्या विकसकांच्या २०२२ च्या मतदानानंतर डेबियन १२ च्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच बंद फर्मवेअर, म्हणजे हार्डवेअर चालवणारं पण कोड न दाखवलेलं सॉफ्टवेअर, येऊ लागलं. बहुतेकांची त्यात सोय झाली, हे मला मान्य आहे. पण माझ्या मशीनवर काय चालतं ते कुणालाही उघडून वाचता यावं, एवढी एक गोष्ट मला मनापासून हवी होती. मुक्त सॉफ्टवेअरचा पुरस्कार करणाऱ्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन या संस्थेने मान्य केलेले डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे तयार संच, मोजकेच. त्यातला पॅराबोला आर्च लिनक्सवर बेतलेला, त्यामुळे अपडेट सतत. कामाच्या गर्दीत ते मला झेपलं नसतं. गीक्स या दुसऱ्या डिस्ट्रोमध्ये अपडेट बिघडला तर मागच्या स्थितीत परत जाता येतं, ही कल्पना फार आवडली, पण त्याची पद्धत शिकायला निवांत वेळ हवा. ट्रिस्क्वेलची सुरुवात स्पेनमधल्या गॅलिसियात, विगो विद्यापीठात झाली. अकरावी आवृत्ती मार्च २०२३ ची, उबुंटू या लोकप्रिय लिनक्सच्या २२.०४ वर उभी, मेट डेस्कटॉप. ओळखीचं वाटलं, तेच घेतलं.

आणि पहिल्याच दिवशी वायफाय गेलं.

लॅपटॉपमधलं कार्ड बंद फर्मवेअर मागणारं होतं. भाच्याने जुन्या डिस्कवरून फर्मवेअरची फाइल आणून योग्य फोल्डरमध्ये ठेवली, तरी काही नाही. मग वाचल्यावर कळलं की ट्रिस्क्वेलचं कर्नल (सिस्टिमचा गाभा), म्हणजे लिनक्स-लिब्रे, बंद फर्मवेअर नुसतं वगळत नाही, ते मागवणंही थांबवतं. तेव्हा फाइल ठेवून उपयोग नाही, कार्डच बदलायला हवं. अथेरॉसच्या एआर९२७१ चिपचं फर्मवेअर २०१३ मध्ये खुलं झालं, त्यामुळे त्या चिपचा यूएसबी डोंगल लावला की लगेच चालतो. अडचण अशी की विक्रेते खोक्यावर चिपचं नाव लिहीत नाहीत. माझा पहिला डोंगल दुसऱ्याच चिपचा निघाला, परत पाठवला. दुसरा बरोबर आला. ब्लूटूथ अजून नाही, हेडफोन वायरचा लावते. म्हणून कळकळीने सांगते: आधी एच-नोड या साइटवर मुक्त सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या हार्डवेअरच्या यादीत आपलं हार्डवेअर शोधा, लाइव्ह यूएसबीवर (इन्स्टॉल न करता पेन ड्राइव्हवरून चालणारी सिस्टिम) दोन तास काम करून बघा, मगच डिस्कला हात लावा.

प्रिंटरचंही तेच. जुना लेझर प्रिंटर कंपनीचा बंद प्लगइन घेतल्याशिवाय पान काढत नव्हता, तो विकला. आता ड्रायव्हरशिवाय चालणारा नेटवर्क प्रिंटर आहे आणि आठ महिन्यांत त्याच्याकडे बघावं लागलं नाही.

एका गोष्टीवर मी बरेच दिवस विचार केला, ती म्हणजे प्रोसेसरचा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आत चालणारं सॉफ्टवेअर. २०१८ पासून प्रोसेसरमधल्या ज्या त्रुटी उघड झाल्या, त्यांतल्या बऱ्याच दुरुस्त्या मायक्रोकोडमधून येतात. तो बंद असतो, म्हणून ट्रिस्क्वेल देत नाही. मी इन्स्टॉल करण्यापूर्वी लॅपटॉपचं बायोस (मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) शेवटच्या आवृत्तीवर नेलं, कारण त्यातूनही मायक्रोकोड येतो. बायोस बंदच आहे, म्हणजे माझं मशीन शंभर टक्के मुक्त नाही. ही तडजोड मी समजून-उमजून केली.

मराठी टाइप करायला आयबस ही सोय आणि त्यात एम१७एनचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड. बोटांना सवय होती, पहिल्या तासात काम सुरू. लोहित फाँट स्क्रीनवर वाचायला स्वच्छ आहे, त्यावर पुण्यातल्या लोकांनी वर्षानुवर्षं मेहनत घेतली आहे याचा आनंद वेगळाच. खरी अडचण प्रकाशकांकडून येणाऱ्या, युनिकोडपूर्व फाँटमधल्या फायलींची. ते फाँट विकतचे आणि बंद. उघडलं की नुसती अगम्य अक्षरं. आता काम घेतानाच युनिकोड मजकूर मागते. दोघांनी नकार दिला, बाकीच्यांनी पाठवला. डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हरही बंद आहे; त्या कामाला सीएकडे जाते.

देखभाल म्हणाल तर रविवारी सकाळी एपीटी या पॅकेज-साधनाने अपडेट, त्याआधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा स्नॅपशॉट (बिघडलं तर परत जाता येईल अशी प्रत). होम, म्हणजे माझ्या फायली, वेगळ्या पार्टिशनवर. नवं लिब्रेऑफिस बॅकपोर्ट्समधून, म्हणजे ट्रिस्क्वेलच्याच नव्या पॅकेजांच्या भांडारातून. उबुंटूसाठी बनवलेले पीपीए, म्हणजे बाहेरच्या लोकांची पॅकेज-भांडारं, जोडायचा मोह आवरा: तिथे मुक्त-बंद गाळून घेणारं कुणी नसतं, आणि पॅकेजं एकमेकांत अडकतात ती वेगळीच. ब्राउझर म्हणजे फायरफॉक्सवरून केलेला अब्राउझर, तोही स्नॅप (उबुंटूचा वेगळा पॅकेज-प्रकार) नसून साधं डेब पॅकेज, त्यामुळे जुन्या लॅपटॉपवर पटकन उघडतो. ट्रिस्क्वेलची नवी आवृत्ती मात्र उशिरा येते. उबुंटू २२.०४ एप्रिल २०२२ मध्ये आलं, अरामो अकरा महिन्यांनी. माणसं थोडी आणि एकेक पॅकेज तपासायचं, तर वेळ लागणारच. जमेल तशी देणगी देते.

शब्दतपासणीच्या मराठी यादीत मला रोज लागणारे काही शब्द नव्हते, काहींचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं. यादी म्हणजे साधी मजकुराची फाइल. ती उघडली, दुरुस्त केली, आणि दुसऱ्या दोन अनुवादक मैत्रिणींनाही पाठवली. त्यातल्या एकीने काल आणखी चाळीस शब्द घालून परत पाठवलीय, ती आज रात्री तपासायला घेते.