आघातानंतरची ग्रुप थेरपी : काही महिन्यांनी लिहितेय

हायवेवरच्या अपघातात धाकटा भाऊ गेला. गाडी मी चालवत होते. त्यानंतर मागून ट्रकचा हॉर्न वाजला तरी हातपाय गार पडायचे, झोप तर उडालीच होती. पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर मागे राहणाऱ्या मानसिक त्रासाचं निदान झाल्यावर आधी एका ठिकाणच्या गटात गेले. तिथे पहिल्याच दिवशी प्रत्येकाला घडलेलं सगळं सांगायला लावलं. पूर्वतयारी नाही, नंतर विचारपूस नाही. पुढचा आठवडा फार वाईट गेला. असा गट मी कुणालाही सुचवणार नाही.

दुसरा गट कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपीचा, म्हणजे सीपीटीचा. यात प्रसंगाबद्दल मनात घट्ट बसलेले विचार तपासून बघतात. पॅट्रिशिया रेसिक यांनी ही पद्धत मुळात लैंगिक अत्याचार सोसलेल्या स्त्रियांसाठी, गटातच सुरू केली. साधारण १२ सत्रं असतात. आमच्या गटात प्रसंगाचे तपशील कुणालाच सांगावे लागले नाहीत. घरी तीन रकान्यांचा तक्ता भरायचा : काय घडलं, मनात काय आलं, काय वाटलं. माझ्या मधल्या रकान्यात दर वेळी तेच, 'चहाला थांबले असते तर तो वाचला असता.'

एकदा एका काकांनी त्यांचा तक्ता वाचला. प्रसंग वेगळा, पण वाक्य जवळपास माझंच. 'अहो काका, तुम्हाला आधी कसं कळणार होतं?' मी पटकन बोलून गेले. गट घेणाऱ्या मॅडमनी शांतपणे माझा कागद पुढे सरकवला, 'आता हेच इथे लिहा.' पेन उचलायलाच मला बराच वेळ लागला. घरच्यांनी हेच शंभरदा समजावलं होतं, पण ती माया वाटायची. तिथे मात्र ते माझ्याच तोंडून निघालं होतं.

अजून हायवेवर गाडी चालवत नाही. झोप बरीच सुधारली आहे. अमेरिकी सैनिकांवरच्या २०१७च्या अभ्यासात सीपीटीचा फायदा दोन्हीकडे झाला, पण गटापेक्षा एकेकट्याने घेतलेल्या उपचाराचा जास्त. त्यामुळे परवडत असेल तर आधी तसा उपचार बघा. पण अपराधीपणाच खात असेल, तर गटाचा नक्की विचार करा. जुन्या जखमेत न शिरता सध्याच्या अडचणींवर बोलणारे, प्रेझेंट-सेंटर्ड पद्धतीचे गटही असतात. ज्यांना प्रसंगाकडे वळूनही बघवत नाही, त्यांना ते झेपतील.

नाव घालण्याआधी दोन गोष्टी विचारा : गटात घेण्यापूर्वी एकट्याशी बोलतात का, आणि सत्रानंतर त्रास झाला तर फोन कुणाला करायचा? कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.