डोमेन सोडताना दिसलेली सेवा : पुण्यातील एका रिसेलर कंपनीचे परीक्षण

डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचे आणि ईमेलचे इंटरनेटवरचे नाव, विकताना प्रत्येक कंपनी तत्परच असते. पैसे भरले की काही मिनिटांत नाव आपल्या खात्यावर दिसू लागते आणि तक्रारीला जागा राहत नाही. कंपनीची पारख होते ती ग्राहक आपले डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे अशी नावे नोंदवणाऱ्या दुसऱ्या कंपनीकडे, न्यायला निघतो तेव्हा. पुण्यातील ज्या कंपनीकडून आम्ही काही वर्षे डोमेन, होस्टिंग (संकेतस्थळ ठेवण्याची जागा) आणि ईमेल या तिन्ही सेवा घेतल्या, तिचे हे परीक्षण मुख्यतः त्या टप्प्याचे आहे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही. याच पद्धतीने चालणारे रिसेलर, म्हणजे रजिस्ट्रारच्या वतीने डोमेन विकणारे, शहरात पुष्कळ आहेत आणि वाचकांनी आपापल्या कंपनीला हेच प्रश्न विचारावेत, असे मला वाटते.

आमचे शालेय आणि स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांचे दुकान अप्पा बळवंत चौकाच्या परिसरात आहे. दुकानात येणारे गिऱ्हाईक संकेतस्थळावर अवलंबून नसते, परंतु बारामती, सातारा, अहिल्यानगर अशा ठिकाणच्या शाळा आणि लहान विक्रेते आपल्या याद्या आमच्या डोमेनवरच्या ईमेलवर पाठवतात, आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याच्या आधीचे आठवडे हे आमच्या वर्षभराच्या धंद्याचे आठवडे असतात. त्या काळात डोमेन बंद पडले तर आलेली यादी कुठे गेली हेही कळणार नाही. म्हणून डोमेन दुसरीकडे नेण्याचे, म्हणजे स्थलांतराचे, काम हंगामाच्या बरेच आधी पूर्ण करावे, असे आम्ही ठरवले होते.

कंपनीच्या बाजूने जे सांगण्यासारखे आहे ते आधी सांगतो. होस्टिंग चांगले आहे, संकेतस्थळ क्वचितच बंद पडले आणि पडले तेव्हा फोनवर मराठीत नीट उत्तर मिळाले. जीएसटीची बिले वेळेवर येतात. तेथील तरुण कर्मचारी सौजन्याने बोलतात, आणि पुढे जे लिहिले आहे त्याचा दोष त्यांच्यावर नाही.

सोडण्याचे कारण रिन्युअलचा, म्हणजे दरवर्षीच्या नूतनीकरणाचा, दर. पहिल्या वर्षी नाव स्वस्तात द्यायचे आणि पुढे दर चढवत न्यायचा, हा या व्यवसायाचा सर्रास रिवाज आहे. ‘.कॉम’ नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन ही अमेरिकन कंपनी रजिस्ट्रारकडून एका नावासाठी वर्षाला जे शुल्क घेते ते १ सप्टेंबर २०२४ रोजी १०.२६ डॉलर झाले. रजिस्ट्रारने आणि रिसेलरने त्यावर आपला नफा घ्यावा, याला कोणाचीही हरकत नसावी. पण आमच्या रिन्युअलचा दर या शुल्काच्या मानाने इतका वर गेला होता की त्याचे समर्थन कंपनीलाही करता आले नाही.

ही कंपनी स्वतः रजिस्ट्रार नाही, ती रिसेलर आहे, ही गोष्ट विक्रीच्या वेळी कोणी सांगत नाही. ‘.कॉम’ सारख्या नावांचे नियम ठरवणाऱ्या आयकॅन या १९९८ साली स्थापन झालेल्या संस्थेची मान्यता मूळ रजिस्ट्रारला असते, रिसेलर त्याच्या वतीने विक्री करतो, आणि नियम पाळण्याची अंतिम जबाबदारी रजिस्ट्रारचीच राहते. आपला रजिस्ट्रार कोण हे आयकॅनच्या लुकअप पानावर डोमेन टाकून कोणालाही पाहता येते. आम्ही ते पाहिले तेव्हा एक परदेशी कंपनी निघाली, जिच्याशी आमचा कधी पत्रव्यवहारही झालेला नव्हता.

आता मुख्य तक्रार. डोमेन दुसरीकडे न्यायचे आहे, असे आम्ही कंपनीला लेखी कळवले. उत्तरात त्यांच्या मदत विभागाने सल्ला दिला की स्थलांतराच्या आधी नोंदणीतील संस्थेचे नाव आणि ईमेल अद्ययावत करून घ्यावे, म्हणजे पुढे अडचण येणार नाही. दुकानाची भागीदारी बदलल्यापासून नोंदणीत जुने नाव होते, त्यामुळे सल्ला योग्य वाटला. पॅनेलमध्ये, म्हणजे कंपनीच्या संकेतस्थळावरील आमच्या खात्याच्या पानावर, बदल केला, पुष्टीच्या ईमेलला होकार दिला, आणि लगेच डोमेनवर साठ दिवसांचे लॉक बसले. या काळात नाव कोणत्याही रजिस्ट्रारकडे नेता येणार नाही, असे कळवणारा संदेश आला तो लॉक बसल्यानंतर.

हे लॉक कंपनीने स्वतःच्या मनाने बसवलेले नव्हते, हे नमूद केले पाहिजे. आयकॅनच्या १ डिसेंबर २०१६ पासून लागू झालेल्या स्थलांतर धोरणानुसार नोंदणीधारकाचे नाव, संस्था किंवा ईमेल यांत खरा बदल झाला की साठ दिवस नाव हलवता येत नाही. चोराने खाते बळकावून नोंदणी स्वतःच्या नावावर केली आणि लगेच दुसऱ्या रजिस्ट्रारकडे पळवली तर मूळ मालकाला दाद मागायला अवधी मिळावा, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला मान्य आहे. परंतु त्याच धोरणात रजिस्ट्रारवर दोन गोष्टी सोपवलेल्या आहेत. बदलाची विनंती येण्याआधी ग्राहकाला या लॉकमधून सूट घेण्याचा पर्याय रजिस्ट्रार देऊ शकतो. आणि ग्राहकाला अखेरीस डोमेन दुसरीकडेच न्यायचे असेल तर त्याने आधी स्थलांतर करावे आणि नोंदणीतील बदल नंतर करावा, असा सल्ला रजिस्ट्रारने त्याला दिला पाहिजे. म्हणजे नियमाने जो क्रम सांगायला सांगितला आहे त्याच्या नेमका उलटा क्रम आम्हाला लेखी सांगितला गेला, आणि तोही आमचा हेतू माहीत असताना. सूट घेण्याचा पर्याय पॅनेलवर कुठेही नव्हता. आम्ही तिकीट काढून, म्हणजे मदत विभागाकडे तक्रार नोंदवून, हे सर्व दाखवल्यावर उत्तर आले की लॉक यंत्रणेतून आपोआप बसते आणि ते काढण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही. हे कदाचित खरेच असेल. पण ज्याला लॉक काढता येत नाही, त्याने ते बसू नये म्हणून आधी सावध करणे अधिकच आवश्यक होते. धोरणाचा फेरआढावा घेणाऱ्या आयकॅनच्या कार्यगटानेही नोंदणीतील बदलानंतरचे हे सक्तीचे लॉक रद्द करण्याची शिफारस केली आहे.

या साठ दिवसांचा एक परिणाम खर्चाचा झाला. डोमेनची मुदत त्याच काळात संपत होती, त्यामुळे ज्या दराला कंटाळून निघालो होतो त्याच दराने आणखी एक वर्षाचे पैसे भरणे भाग पडले. येथे वाचकांनी एक बारकावा ध्यानात ठेवावा. मुदत संपण्याआधी रिन्युअल केले तर ते वर्ष डोमेनबरोबर नव्या रजिस्ट्रारकडे जाते आणि ‘.कॉम’ च्या स्थलांतरात आणखी एक वर्ष जोडले जाते. एकूण मुदत मात्र दहा वर्षांच्या पुढे जाऊ शकत नाही. मुदत उलटली की मूळ नोंदवहीत एक वर्ष आपोआप वाढते. मुदत उलटून गेल्यावर पैसे भरले आणि मुदतीनंतरच्या पंचेचाळीस दिवसांच्या सवलतीच्या काळातच नाव हलवले, तर नोंदवहीत आपोआप वाढलेले वर्ष रद्द होते, त्याचे शुल्क जुन्या रजिस्ट्रारला परत मिळते, आणि ग्राहकाने भरलेले पैसे त्याला परत मिळतील की नाही हे जुन्या कंपनीच्या मर्जीवर राहते. आम्ही मुदतीच्या आत पैसे भरले ते याच कारणासाठी.

लॉक उठल्यानंतर कोड मिळवण्याची पाळी आली. ऑथ कोड, ज्याला काही जण ईपीपी कोडही म्हणतात, ही डोमेनची गुप्त किल्ली असते आणि नव्या रजिस्ट्रारला ती दिल्याखेरीज स्थलांतर सुरू होत नाही. चांगल्या कंपन्यांच्या पॅनेलवर तो एका बटणावर मिळतो. येथे त्यासाठी दुकानाच्या लेटरहेडवर शिक्क्यानिशी अर्ज, पॅन कार्डाची प्रत आणि पुढील वर्षाच्या होस्टिंगचे आगाऊ पैसे, अशा मागण्या एकामागून एक आल्या. याच पॅनेलवर केवळ पासवर्ड वापरून आम्ही नेमसर्व्हर (डोमेनचे संकेतस्थळ आणि ईमेल कुठे आहेत ते सांगणारे सर्व्हर) बदलू शकत होतो, म्हणजे संपूर्ण संकेतस्थळ आणि ईमेल दुसरीकडे वळवू शकत होतो. संपर्काची माहिती किंवा नेमसर्व्हर बदलण्यासाठी जी पद्धत आहे तिच्यापेक्षा कडक पद्धत कोड देण्यासाठी लावता येत नाही, असे आयकॅनच्या त्याच धोरणात स्पष्ट आहे. मागणी केल्यापासून पाच दिवसांत कोड द्यावा लागतो. आणि पुढील मुदतीचे पैसे भरले नाहीत एवढ्या कारणावरून स्थलांतर अडवता येत नाही. ही तीन वाक्ये आम्ही मूळ रजिस्ट्रारच्या तक्रार विभागाला ईमेलने पाठवली आणि त्याची प्रत रिसेलरला दिली. त्यानंतर कोड मिळाला, शिक्क्याचा अर्ज पुन्हा कोणी मागितला नाही. ज्यांना धोरण वाचायला सवड नाही, अशा दुकानदारांचे काय होत असेल, हा विचार तेव्हापासून मनातून गेलेला नाही.

पुढचा टप्पा पुष्टीच्या ईमेलचा. नवीन रजिस्ट्रारने कोड स्वीकारल्यावर जुना रजिस्ट्रार मालकाला ईमेल पाठवतो. मालकाने होकार दिला तर काम लगेच होऊ शकते, नकार दिला तर थांबते, आणि काहीच उत्तर दिले नाही तरी पाच दिवसांनी नाव आपोआप नव्या रजिस्ट्रारकडे जाते. आम्हाला आलेल्या ईमेलमध्ये हे शेवटचे वाक्य अगदी तळाशी, बारीक अक्षरांत होते. वर मोठे बटण होते ते स्थलांतर रद्द करण्याचे, आणि शेजारी संकेतस्थळ बंद पडू शकते असा इशारा होता. दुकानात हिशेब पाहणाऱ्या आमच्या काकांनी तो ईमेल पाहून घाबरून मला फोन केला. त्यांनी ते बटण दाबले असते तर सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले असते.

त्या इशाऱ्यात तथ्यांश मात्र होता, आणि त्याबद्दल कंपनीने नीट माहिती दिली असती तर तिचे कौतुक केले असते. नुसत्या स्थलांतराने नेमसर्व्हर बदलत नाहीत, जे होते तेच राहतात. पण नेमसर्व्हर जुन्या कंपनीने डोमेनसोबत मोफत दिलेले असतील तर डोमेन गेल्यावर ती सेवा बंद होते, आणि मग संकेतस्थळ व ईमेल दोन्ही थांबतात. त्यामुळे आधी सर्व डीएनएस नोंदी, म्हणजे नेमसर्व्हरवरची डोमेनची माहिती, नव्या ठिकाणी उतरवून घ्याव्यात. संकेतस्थळाचा पत्ता सांगणाऱ्या ए नोंदीबरोबर ईमेल कुठे पोहोचवायचे ते सांगणाऱ्या एमएक्स नोंदी आणि ईमेल खरोखर आपलेच आहे हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएमच्या टीएक्सटी नोंदी यांत आल्या, कारण या शेवटच्या दोन राहिल्या तर आपले ईमेल समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊ लागतात. त्यानंतर नेमसर्व्हर बदलावेत, सगळे सुरळीत चालल्याची खात्री करावी आणि मगच कोड मागावा. डीएनएसएसईसी, म्हणजे डीएनएस नोंदींवर डिजिटल सही करणारी सुरक्षा, चालू असेल तर त्या सहीची खूण असलेली डीएस नोंद आधी काढावी लागते, अन्यथा सह्या जुळत नाहीत आणि तपासणी करणाऱ्या सर्व्हरांच्या दृष्टीने आपले नाव अवैध ठरते. आम्ही हाच क्रम पाळला आणि एकही ईमेल हरवला नाही.

‘.इन’ नावाबद्दल थोडक्यात. ते निक्सी या भारतीय संस्थेच्या अखत्यारीत येते, आयकॅनचे स्थलांतर धोरण त्याला लागू नाही, आणि म्हणून वर सांगितलेले युक्तिवाद तिथे उपयोगाचे नाहीत. आमचे ‘.इन’ नाव अजून याच कंपनीकडे आहे.

नव्या रजिस्ट्रारबद्दल इतक्यात मत देणे योग्य नाही. तिथे कोड पॅनेलवर स्वतः घेता येतो आणि नोंदणीत बदल करताना साठ दिवसांच्या लॉकची सूचना व सूट घेण्याचा पर्याय जतन करण्याच्या बटणाच्या आधी दिसतो, एवढे मी नाव हलवण्यापूर्वीच पाहून घेतले होते.

पुण्यातील कंपनीचे होस्टिंग मी आजही दुसऱ्याला सुचवीन, आणि आमचेही तिथेच राहणार आहे. डोमेन मात्र तिच्याकडे नोंदवू नये, आणि आधीच नोंदवलेले असेल तर निदान सातबाऱ्यावरचे नाव तपासावे तसे नोंदणीतील नाव आणि ईमेल आजच पाहून घ्यावे. ते वेब डिझायनरच्या किंवा रिसेलरच्या नावावर निघाले तर नियमाच्या दृष्टीने डोमेनचा धारक तोच असतो, आणि मग वर सांगितलेला एकही अधिकार आपल्याला बजावता येत नाही. दुरुस्ती हंगामाच्या पुरेशी आधी करावी, कारण तिच्यानंतरही साठ दिवस जाऊ शकतात. कंपनीकडे आम्ही दोन मागण्या लेखी केल्या आहेत. नोंदणीत बदल करण्याच्या पानावर लॉकची सूचना मराठीत द्यावी आणि कोड पॅनेलवर उपलब्ध करावा. पहिली मागणी त्यांनी मान्य केल्याचे कळवले आहे, दुसरीवर मूळ रजिस्ट्रारचे उत्तर यायचे आहे.