डीबीएसोबत आठ महिने: सेनापती मी, पण हुकूम फाशाचा

एकचं दान पडलं की पहिले दोन महिने माझा जीव नुसता तळमळायचा. घोडदळ शत्रूच्या बगलेपाशी पोचलंय, मधली फळी जुळलीय, आणि हलवता येणार एकच गोष्ट! 'डे बेलिस अँटिक्विटाटिस', म्हणजेच डीबीए, हा १९९० साली आलेला प्राचीन लढायांचा खेळ. दोन्हीकडे १२-१२ तुकड्या. दर पाळीला एक फासा टाकायचा, जितकं दान तितके पिप, आणि एका पिपात एक तुकडी किंवा सलग उभी असलेली अख्खी रांग हलते. जेवणाच्या टेबलावर तासाभरात लढाई आटोपते, म्हणून धाकट्या भावासोबत जवळजवळ दर रविवारी खेळतेय.

माझं सैन्य माझं का ऐकत नाही, हे मला राफियाच्या लढाईने शिकवलं. इ.स.पू. २१७ मध्ये तिथे सेल्युसिड राजा तिसऱ्या अँटिओकसने स्वतः उजव्या बगलेवरून चाल करून इजिप्तचा राजा टॉलेमी याची डावी बाजू उधळली आणि पाठलागात तो लांब गेला. ग्रीक इतिहासकार पॉलिबिअस सांगतो, धुळीचे लोट आपल्याच छावणीकडे सरकताहेत हे एका वयस्क सरदाराने दाखवलं तेव्हा कुठे तो भानावर आला. तोवर त्याचं मधलं पायदळ मोडलं होतं.

मी अँटिओकस होऊन तेच केलं. सेनापतीपासून लांब पडलेल्यांना हलवायला एक पिप जादा लागतो. दान पडलं तीन. एक पाठलागात गेला, उरले दोन. फळी सलग असती तर तेवढ्यात सगळी हलली असती. पण आदल्या पाळीत हाव धरून मी एक तुकडी पुढे काढली होती, त्यामुळे फळीचे दोन भाग झाले होते. एक भाग सावरला, दुसरा जागीच राहिला, आणि भगदाड पडलं तिथेच.

सेनापतीचं लक्ष एका वेळी किती ठिकाणी पुरेल, तेच हा फासा मोजतो. तेव्हापासून रांग मोडायला माझा हात धजत नाही.

एक गोष्ट मात्र अजून खटकते. वरून सगळा पट मला दिसतो, अँटिओकसला धूळही दुसऱ्याने दाखवावी लागली. १८२४ च्या क्रीगश्पील या प्रशियन युद्ध-खेळात मधे पंच असायचा आणि जे दिसणं शक्य आहे तेवढंच तो खेळाडूला दाखवायचा. तसा तिसरा माणूस आमच्या घरात मिळत नाही.

परवा भावाने विचारलं, "ताई, एक पडला तर दोन धरूया का?" मी नाही म्हटलं.