सौना घ्यायचाय? आधी मीटर बघा, मग कॅटलॉग

मे महिन्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 45 च्या वर जातो आणि माणूस कुलरसमोरून हलत नाही. अशा मुलखात घाम गाळायला वेगळी खोली बांधतो म्हटलं, तर घरातले म्हातारे "काहून बाप्पा, उन्हाळा कमी पडला काय?" असं विचारणारच. त्यांचं काही चूक नाही. पण डिसेंबर-जानेवारीत गोंदिया, भंडारा, नागपूरकडे पहाटेचा पारा दहाच्या खाली उतरतो, धान-कापसाच्या कामाने कंबर धरलेली असते, आणि वावरात नवं घर बांधताना एक जास्तीची खोली काढणं जड जात नाही. म्हणजे आपल्याकडे सौना ही चार महिन्यांची वस्तू. उरलेले आठ महिने ती नुसती उभी राहणार, उन्हाळ्यात तापणार, पावसाळ्यात ओल धरणार. कोणता प्रकार घ्यायचा याचा हिशोब इथून सुरू करायचा.

पारंपरिक म्हणजे फिनिश पद्धतीच्या सौनात हीटरवर किंवा चुलीवर दगड रचलेले असतात. ते तापले की खोलीतली हवा 80-90 अंशांवर जाते. ही हवा कोरडी असते. मधूनमधून दगडांवर पळीभर पाणी टाकायचं, की वाफेचा लोट अंगावर येतो. इन्फ्रारेडमध्ये दगडही नाहीत नि पाणीही नाही. भिंतीतले पॅनेल सरळ अंग तापवतात, हवा 45 ते 60 अंशांवरच राहते. हिवाळ्यात हवा गार असूनही कोवळं ऊन पाठीला लागतं, तसं. 'कॉम्बो' किंवा 'हायब्रिड' म्हणून विकतात त्यात एकाच खोलीत दोन्ही बसवलेलं असतं. स्टीम बाथ हा प्रकार याहून निराळा, तिथे वाफच वाफ. दुकानदार सगळ्याला सरसकट सौना म्हणतात, तेव्हा विचारून घ्या.

आता विजेचं. आपल्याकडे निम्मा निर्णय इथेच होतो.

सहा बाय सहा फुटांची आणि सात फूट उंच खोली धरली तर पारंपरिक सौनाला साधारण 6 किलोवॉटचा हीटर लागतो. सिंगल फेजवर तो 26 अँपिअर ओढतो. घरातलं गिझरचं सॉकेट 16 अँपिअरचं, म्हणजे तिथे तो चालणारच नाही. वेगळी जाड केबल, वेगळा एमसीबी, आणि बहुतेक घरांना महावितरणकडून मंजूर भार वाढवून घ्यावा लागतो. घरगुती थ्री फेज असेल तर तोच हीटर प्रत्येक फेजवर नऊएक अँपिअरच घेतो, काम सोपं होतं. दोन जणांची इन्फ्रारेड केबिन मात्र दीड-दोन किलोवॉटची असते आणि 16 अँपिअरच्या सॉकेटवर बिनबोभाट चालते.

पण खरी गोम व्होल्टेजची. संध्याकाळी सात-साडेसातला, गावातल्या मोटरी सुरू असताना, मल्टिमीटर घेऊन घरचं व्होल्टेज मोजा. 230 ऐवजी 180 दिसलं तर 6 किलोवॉटचा हीटर 3.7 किलोवॉटचाच उरतो, कारण हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. अर्ध्या-पाऊण तासात तापणारी खोली दीड तासातही धड तापत नाही, दगड कोमट राहतात आणि पाणी टाकलं की नुसते ओले होतात. इन्फ्रारेडचंही तेवढंच टक्केवारीत घटतं, पण तिथे गाठायचं तापमानच कमी असतं, त्यामुळे निभावून जातं. कमी व्होल्टेजच्या गावात विजेवरचा पारंपरिक सौना घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

वावरातल्या मोटरपंपाच्या थ्री फेज लाइनवर जोडून टाकू, हा विचार मनात आला असेल तर काढून टाका. शेतीच्या कनेक्शनवर घरातलं उपकरण चालवणं हा वीज कायदा 2003 च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासह वसुली होते. शिवाय शेतीची वीज कधी दिवसा, कधी रात्री. तुमची पाठ काही त्या वेळापत्रकाने दुखत नाही. छतावर सोलर असेल तर बिलाला चांगला हातभार लागतो, पण लाइन गेली की ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाइनला जोडलेलं सोलरही बंद पडतं, आणि घरचा छोटा इन्व्हर्टर यातलं काहीच ओढू शकत नाही.

खर्च युनिटमध्येच सांगतो, दर तुमच्या बिलावर छापलेला असतो. पारंपरिक हीटर तापवण्यापासून दोघांचं बसून होईपर्यंत पाच-सहा युनिट, इन्फ्रारेड दीड-दोन युनिट. एक दिवसाआड वापरलं तर महिन्याला पारंपरिकची 75-90 युनिट होतात. ही युनिट तुमच्या बिलात सगळ्यात वरच्या स्लॅबमध्ये जाऊन बसतात, हे लक्षात ठेवून गुणाकार करा.

याला एक तोड आहे, आणि आमच्याकडच्या शेतकऱ्याला तीच सगळ्यात सोयीची वाटते: लाकडावरचा पारंपरिक सौना. वीज लागतच नाही. पेटवायला पऱ्हाटी-तुराट्या घरच्याच. त्या भसकन जळून जातात, म्हणून नंतर बाभळीचं वाळलेलं लाकूड घालायचं. त्याची आच दमदार असते. लोखंडी स्टोव्ह, त्यावर दगड आणि धूर थेट बाहेर नेणारी धुराडी. यात तडजोड करायची नाही. स्टोव्हच्या ऐवजी कोळशाची शेगडी आत ठेवली तर बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला ना वास, ना रंग, आणि माणूस बसल्या जागी जातो. दुसरं, धुराडीची ठिणगी. खोली घरापासून सुटी बांधा, आणि कुटाराचा ढीग, कापसाची गंजी, गोठा यांच्यापासून चांगली लांब. वारा कुठून येतो ते आधी बघा.

दगडही कुठलेही चालत नाहीत. नदीतले गोटे गुळगुळीत दिसतात, पण आत ओल धरून असतात आणि तापल्यावर फुटून उडू शकतात. पश्चिम विदर्भातला काळा दगड कॅटलॉगमधल्या दगडासारखाच दिसतो, मात्र त्यात बऱ्याचदा पोकळ्या आणि पांढरी खनिजं भरलेली असतात, तिथून तडा जातो. सौनासाठी विकतात तेच दगड घ्या, यात काटकसर नको. आणि पाणी! अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी दगडांवर टाकाल तर काही दिवसांत पांढरा थर चढेल, विजेचा हीटर असेल तर कॉइललाही गंज लागेल. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी किंवा आरओचं पाणी वापरा. एका वेळी पळी-दोन पळीच लागतं. हा सगळा ताप इन्फ्रारेडला नाही.

म्हणजे इन्फ्रारेडच घ्यावा? एकट्या-दुकट्या माणसाला, पाठ-कंबर शेकायला, घरातल्या घरात हवा असेल तर हो. पंधरा मिनिटांत तयार, बिल कमी, पुढे घर बदललं तर केबिन सोडवून नेता येते. फक्त विक्रेत्याच्या गोष्टींवर जाऊ नका. "किरण चार सेंटिमीटर आत शिरतात" हे दूर-इन्फ्रारेडच्या, म्हणजे या पॅनेलमधून निघणाऱ्या लांब लहरींच्या किरणांच्या बाबतीत खरं नाही. ते कातडीच्या अगदी वरच्या थरातच शोषले जातात, पुढची ऊब रक्तातून पसरते. "शरीरातलं विष घामावाटे निघतं" हेही तसंच. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं करतात. वजन उतरतं ते पाण्याचं, तांब्याभर पाणी प्यायलं की परत येतं.

हृदयाला फायदा होतो असं जे सांगतात, त्यामागे फिनलंडमधल्या कुओपिओ भागातला मोठा अभ्यास आहे. 2,315 मध्यमवयीन पुरुषांवर वीसेक वर्षं नजर ठेवली, 2015 साली निष्कर्ष छापून आले: आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण एकदाच घेणाऱ्यांपेक्षा कमी आढळलं. पण तो पारंपरिक सौनाचा अभ्यास, तोही निरीक्षणाचा. सौनामुळेच तसं झालं हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याचा दाखला देऊन इन्फ्रारेड विकणं म्हणजे चलाखी. इन्फ्रारेडवर जपानमध्ये काम झालंय. तिथे 60 अंशांच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवून नंतर अर्धा तास पांघरूण घालून निजवतात, पण ते डॉक्टरच्या देखरेखीखाली.

कॉम्बोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. दोन्हीचा खर्च एकत्र येतो, वायरिंग मोठ्या हीटरचंच करावं लागतं, म्हणजे इन्फ्रारेडचा सगळ्यात मोठा फायदा तिथेच संपला. बसण्याचीही पंचाईत. पारंपरिकमध्ये उष्णता छताला जमते म्हणून बाक उंच हवा, इन्फ्रारेडमध्ये पॅनेल पाठीमागे आणि पोटऱ्यांजवळ हवं. एका बाकावर दोन्ही नीट जमत नाही. शिवाय पॅनेल 90 अंश सोसणारं आहे का, हे लेखी घ्यावं लागतं. घरात एकाला शेक हवा, दुसऱ्याला वाफ हवी, थ्री फेज आहे आणि पैशाची ददात नाही, अशांनी घ्यावा. बाकीच्यांनी त्या पैशात लाकडावरचा सौना बांधून वर बोअरला नवी मोटर टाकावी.

कोणाला चालणार नाही, हे विदर्भात जरा जास्त जपून बघायला हवं. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आपल्याकडे, विशेषतः पूर्वेकडच्या जिल्ह्यांत, बऱ्याच घरांत आहे. अंगातलं पाणी कमी झालं की त्या रुग्णाला वेदनेचा झटका येऊ शकतो. म्हणून सिकलसेल असलेल्याने कुठल्याही सौनात बसू नये, डॉक्टर हो म्हणाले तरच गोष्ट वेगळी. गरोदर बाई, नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेला माणूस आणि लघवी वाढवणारी बीपीची गोळी घेणारे म्हातारे यांचंही तसंच. मूल होण्यासाठी प्रयत्न चालू असतील तर नवरोबाने काही महिने लांब राहावं, उष्णतेने शुक्राणू तात्पुरते घटतात. दारू पिऊन आत जायचं नाही, मोहाची असो की इंग्लिश. आणि कोण जास्त वेळ बसतो याची शर्यत लावायची नाही: फिनलंडच्या हेनोला गावात 2010 साली सौना सहन करण्याच्या जागतिक स्पर्धेत 110 अंशांवर एक स्पर्धक दगावला, स्पर्धा कायमची बंद झाली. पारंपरिकमध्ये दहा-पंधरा मिनिटं, इन्फ्रारेडमध्ये वीस-पंचवीस पुरे. भोवळ वाटली की बाहेर.

बांधकाम गावातल्या सुताराकडून करणार असाल तर त्याला दोन गोष्टी बजावा. एक, बाकाला सागवान नको. सागवान आपल्याकडचं, ओळखीचं, पण जड लाकूड जास्त चटका देतं. हलकं, बिनगाठीचं, राळ नसलेलं लाकूड बाकाला, सागवान बाहेरच्या चौकटीला. स्क्रू बाकाच्या खालून मारायचे, वर एकाही खिळ्याचं डोकं दिसता कामा नये, नाहीतर मांडीवर तेवढ्याच आकाराचा डाग उठतो. दोन, भिंतीत रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर) आणि त्यावर आतल्या बाजूने अ‍ॅल्युमिनियम फॉइल. थर्माकोल त्या उष्णतेत मऊ पडतो, प्लायवूड-सनमायकाच्या गोंदाचा वास नाकात जातो.

पावसाळ्यात दार थोडं उघडं ठेवा, पायथ्याला वाळवीचं औषध मारून घ्या, तारा पाइपातून न्या म्हणजे उंदरांना फावणार नाही. दिवाळीनंतर पहिल्यांदा विजेचा हीटर लावला की आरसीसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) ट्रिप होण्याची शक्यता असते, कारण बंद पडलेल्या कॉइलने ओल शोषलेली असते. गावातला वायरमन लगेच "आरसीसीबी बायपास करून देतो, भाऊ" म्हणेल. करू देऊ नका. त्याच्याकडून अर्थिंग तपासून घ्या आणि कॉइल कंपनीच्या माणसाला दाखवा. घेताना म्हणूनच विचारून ठेवा: कॉइल किंवा इन्फ्रारेडचा कंट्रोल बोर्ड जळला तर सुटा भाग नागपुरात मिळतो की बाहेरून मागवायचा, माणूस तालुक्याला येतो की वस्तू तुम्ही गाडीत घालून न्यायची. जे उत्तर मिळेल ते बिलावर लिहून सही घ्या.