अंगणातील दिव्यांचे काम : नागपुरातील तीन ठेकेदारांच्या कोटेशनचा अनुभव

त्रिमूर्तीनगरातील आमच्या घराचे फाटक, पायवाट, तुळशीवृंदावन आणि मागची बाग मिळून चौदा दिवे बसवायचे होते. फेब्रुवारीत तीन विद्युत ठेकेदारांकडून कोटेशन मागवले, तेव्हा आकडे आले ४८,०००, ७१,५०० आणि ९२,००० रुपये. एकाच कामाच्या दरात ४४,००० रुपयांची तफावत पाहून मी गोंधळले. पण कागद शेजारी ठेवून वाचल्यावर लक्षात आले की ही तीन वेगवेगळ्या कामांची कोटेशने होती.

पहिल्याने ‘गार्डन लाइट १४ नग, वायरिंगसह’ एवढीच ओळ लिहिली होती. विचारल्यावर कळले की वायर साध्या पाइपातून जाणार, अर्थिंग धरलेले नाही आणि जीएसटी वेगळा. तिसऱ्याने १२ व्होल्टचे दिवे, ड्रायव्हर (घरच्या विजेचा दाब दिव्यांसाठी कमी करणारे उपकरण), टायमर आणि १८ टक्के जीएसटी असे सारे एकत्र धरले होते. १२ व्होल्टवर ३६ वॅटला ३ अँपिअर प्रवाह लागतो आणि ३० मीटर लांब दीड चौरस मिलिमीटरच्या तारेत जाता-येता दोन व्होल्टहून अधिक विद्युतदाब गळतो, म्हणजे शेवटचा दिवा मंद दिसणार. हा मुद्दा त्याच्या कोटेशनमध्ये कुठेच नव्हता.

म्हणून मी एका पानाची यादी तयार करून तिघांनाही तीच दिली. भिंतीवरचे दिवे आयपी ६५ (धूळ आणि पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण) आणि जमिनीलगतचे आयपी ६७ (थोडा वेळ पाण्यात बुडाले तरी चालणारे), कारण पावसाळ्यात बागेच्या सखल भागात पाणी साचते; सर्व दिवे २३० व्होल्टचे आणि ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उबदार प्रकाशाचे; अडीच चौरस मिलिमीटरची तीन कोअर तांब्याची आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल, ४५ मीटर; चर दीड फूट खोल; स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच), ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (जमिनीत वीज गळू लागली की पुरवठा तोडून शॉकपासून वाचवणारा स्विच) आणि अर्थिंग. आमच्याकडची काळी माती मे महिन्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे पाइपाचे सांधे निसटतात. केबलच्या बाबतीत मी म्हणूनच आग्रही होते. आरसीसीबीवर तर तडजोड नव्हतीच, कारण सकाळी ओल्या मातीत आई अनवाणी फिरते. साहित्य, मजुरी आणि जीएसटी वेगळ्या ओळींत लिहावेत आणि प्रत्येक दिव्याची कंपनी व मॉडेल द्यावे, असेही नमूद केले.

नवे आकडे ६९,८००, ७४,२०० आणि ८१,००० असे आले. पहिला ठेकेदार म्हणाला, “ताई, इतकं कोणी लिहून मागत नाही,” पण त्याने दर दिले. मात्र परवान्याची प्रत मागितली तेव्हा टाळाटाळ केली. दुसऱ्याने ती न मागता जोडली होती. शिवाय तो संध्याकाळी सात वाजता नमुन्याचा दिवा घेऊन आला, एक्स्टेंशन बोर्डावर तो लावून दाखवला आणि शेजाऱ्यांच्या खिडकीवर प्रकाश पडतो म्हणून दोन दिव्यांची जागा बदलायला सुचवले. ४,४०० रुपये जास्त देऊन मी त्यालाच काम दिले.

कामाचा दर्जा चांगला आहे. चर बुजवण्याआधी त्याने मेगर हे मापनयंत्र लावून केबलचे इन्सुलेशन तपासले आणि केबल कुठून गेली त्याचा नकाशा डीबीच्या (स्विचच्या मुख्य पेटीच्या) झाकणाच्या आत चिकटवला. हा नकाशा मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण पुढे माळी कुदळ चालवणारच आहे. वेळेच्या बाबतीत मात्र मी नाराज आहे : चार दिवसांचे काम नऊ दिवस चालले आणि त्या काळात फाटकापर्यंत जायला फळी टाकावी लागली.

जूनअखेरच्या जोरदार पावसानंतर चरावरची माती चार बोटे खचली. फोन केल्यावर तिसऱ्या दिवशी त्याची माणसे आली, भर घालून लॉन पुन्हा लावून गेली आणि त्याचे वेगळे पैसे त्याने घेतले नाहीत.