सिएम रीपचे भूसुरुंग संग्रहालय: अर्ध्या तासात उरकू नये असे ठिकाण

अंगकोर वाट पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशांच्या कार्यक्रमात कंबोडियाचे हे भूसुरुंग संग्रहालय क्वचितच असते, आणि असले तरी बांते स्रेईच्या देवळाकडे जाताना घेतलेला अर्ध्या तासाचा थांबा म्हणूनच असते. आमच्या सहल कंपनीनेही तेवढाच वेळ ठेवला होता. तो फारच अपुरा वाटला, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे टुकटुक ठरवून पुन्हा गेलो. सिएम रीप शहराच्या उत्तरेला सुमारे २५ किलोमीटरवर, देवळाच्या सहा-सात किलोमीटर अलीकडे ही साधीशी बैठी वास्तू आहे.

ती उभारणारे आकी रा यांचे आईवडील ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत मारले गेले आणि त्यांना स्वतःला खेळण्याच्या वयात सैनिक केले गेले. पुढे ते व्हिएतनामच्या व नंतर कंबोडियाच्या सैन्यात गेले आणि त्या काळात त्यांनी असंख्य सुरुंग पेरले. १९९०च्या दशकाच्या आरंभी संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेबरोबर सुरुंग काढण्याचे काम केल्यानंतर ते काठी आणि चाकू घेऊन एकटेच गावोगाव सुरुंग उकरत फिरू लागले. निकामी केलेल्या सुरुंगांची टरफले घरात साठत गेली आणि त्यांतूनच हे संग्रहालय उभे राहिले. स्फोटात जखमी झालेल्या मुलांना या कुटुंबाने आसराही दिला. ज्याने सुरुंग पेरले त्यानेच ते काढले, हे येथे कोठेही लपवलेले नाही, आणि मला या जागेची सर्वांत मोठी प्रामाणिकता तीच वाटते.

आत शिरल्यावर लक्ष वेधून घेतो तो तळ्यातला काचेचा मंडप, ज्यात निकामी सुरुंगांच्या राशी रचलेल्या आहेत. चिनी, सोव्हिएत, व्हिएतनामी, अमेरिकी अशा सर्व बनावटींचे सुरुंग संग्रहात आहेत. काही लाकडी पेटीसारखे, काही मक्याच्या कणसासारखे खुंटीवर बसवलेले, तर काही तळहातावर मावतील इतके लहान आणि प्लॅस्टिकचे, ज्यांत धातू इतका थोडा असतो की शोधयंत्रालाही ते सहज सापडत नाहीत. आपल्या गावांत सुरुंग म्हटले की विहीर आठवते. कातळ फोडण्याआधी तेथे हाळी देतात, लाल फडके दाखवतात आणि सगळी माणसे लांब गेल्याशिवाय वात पेटवत नाहीत. त्याच नावाची ही वस्तू मात्र हाळी न देता तीस-चाळीस वर्षे मातीत पडून राहते.

काचेतले सुरुंग पुसून स्वच्छ मांडलेले असल्यामुळे त्यांची भीती वाटत नाही, ही अशा कोणत्याही संग्रहालयाची मर्यादा आहे. येथे तिच्यावर उपाय म्हणून झाडोऱ्यात एक खोटे सुरुंगक्षेत्र तयार केलेले आहे. कडेला उभे राहून सुरुंग शोधायचे असतात. पाचोळ्यात किती सुरुंग आहेत हे मी बराच वेळ मोजत होते, आणि जो मला शेवटपर्यंत दिसला नाही तो अगदी पायवाटेलगत होता.

कवटीचे चित्र असलेले लाल फलक लावलेले असताना लोक आत जातातच कशाला, असा प्रश्न आमच्या गटातील एका गृहस्थांनी आदल्या दिवशी विचारला होता. त्याचे उत्तर मिळण्यासाठी माहितीफलक सावकाश वाचावे लागतात. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून थायलंडच्या सीमेलगत शेकडो किलोमीटर लांबीचा सुरुंगांचा पट्टा पेरण्यात आला, आणि युद्ध थांबल्यावर निर्वासित परतले तेव्हा भूमिहीनांच्या वाट्याला नेमकी तीच जमीन आली. सरपण, गुरांची चराई, भंगार लोखंड आणि नव्याने नांगरायला घेतलेले रान, यांसाठी माणसे धोका ठाऊक असूनही तेथे जातात, कारण न जाण्याची किंमत उपासमारीची असते. १९७९पासून कंबोडियात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यामुळे सुमारे २० हजार माणसे मेली आणि सुमारे ४५ हजार जखमी झाली. १९९६ या एका वर्षात मृत आणि जखमी मिळून ४ हजारांहून अधिक जणांची नोंद झाली होती; आता हा वार्षिक आकडा बहुधा शंभराच्या आत असतो. मात्र आता ट्रॅक्टरने नवे रान मोडताना रणगाडाविरोधी सुरुंग फुटतात, आणि त्यांतून वाचणारे थोडेच असतात.

जखमांविषयीचा भाग वाचताना मन घट्ट करावे लागते. स्फोटाने माती, गवत आणि चपलेचे तुकडे मांसात खोलवर घुसतात, त्यामुळे दिसणाऱ्या जखमेच्या बरेच वर पाय कापावा लागतो. वाढत्या वयाच्या मुलाला साधारण दर सहा महिन्यांनी नवा कृत्रिम पाय लागतो, आणि भातखाचरात राबणाऱ्या कुटुंबाला प्रत्येक वेळी शहरातील केंद्र गाठणे म्हणजे काही दिवसांची मजुरी बुडवणे. आपला जयपूर फूट अनवाणी चालता यावे, चिखलात उतरता यावे आणि उकिडवे बसता यावे अशा रीतीने घडवलेला आहे, आणि तो कंबोडियापर्यंत पोहोचला होता, हे मला तेथे उभे असताना आठवले आणि बरे वाटले.

जाणार असाल तर किमान दोन तास राखून ठेवा. येथील तिकीट वेगळे काढावे लागते आणि बांते स्रेईसाठी अंगकोरचा पास लागतो. मोठ्या मुलांना अवश्य न्यावे. फार लहान मुलांना नेऊ नये, असे माझे मत आहे. आधी संग्रहालय आणि मग देऊळ असा क्रम ठेवावा, म्हणजे घाई होत नाही.

परतताना भातशेतीचा फोटो काढण्यासाठी आम्ही टुकटुक थांबवली आणि बांधावर उतरण्याआधी चालकाला विचारले. त्याने मान डोलावून समोर बोट केले. त्याच बांधावरून एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन रस्त्याकडे येत होती.